“डॉक्सला तिकीट कशाला?” म्हणणाऱ्यांसाठी

“अ‍ॅजाइलमध्ये डॉक्युमेंटेशनची तिकिटं काढणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं” अशी पाच मुद्द्यांची पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. (अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर ‘स्प्रिंट’ नावाच्या छोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत, तिकीट म्हणजे टीमच्या बोर्डावरची एका कामाची नोंद आणि डॉक्स म्हणजे डॉक्युमेंटेशन.) मी ती दोनदा वाचून सोडून दिली होती. परवा माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या मॅनेजरने तीच पाठवली आणि तिच्या नावावरची सगळी तिकिटं जिरा या कामं ट्रॅक करायच्या टूलमधून बंद केली. ती टेक्निकल रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरचे डॉक्स लिहिते. काम तेवढंच राहिलं, फक्त बोर्डावर दिसेनासं झालं.

पहिला मुद्दा: “मॅनिफेस्टोच म्हणतो, डॉक्युमेंटेशन नको.” कुठे म्हणतो? मॅनिफेस्टो म्हणजे अ‍ॅजाइलचा मूळ जाहीरनामा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटातल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी लिहिलं की भरगच्च कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं. त्याच पानावर, चार ओळींच्या खाली, हेही लिहिलंय की उजव्या बाजूच्या गोष्टींनाही (म्हणजे कागदपत्रांनाही) मोल आहे, डाव्या बाजूच्या गोष्टींना आम्ही जास्त मोल देतो. सगळा मॅनिफेस्टो एका पानाचा. तेवढंही खालपर्यंत वाचवत नसेल तर त्याचा हवाला देऊ नये.

दुसरा मुद्दा खरा घातकी: “डॉक्स शेवटच्या स्प्रिंटमध्ये एकदम लिहून काढा.” बहिणीच्याच टीममधली गोष्ट. एका एपीआयमध्ये (दोन प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या दुव्यात) टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची तो आकडा, सेकंदांत द्यायचा होता, तो बदलून मिलिसेकंदांत केला. कोडचं तिकीट मंगळवारी ‘डन’मध्ये गेलं. डॉक्सचं तिकीट नव्हतंच, त्यामुळे हिला कळलंच नाही आणि पानावर ‘३०’ तसाच राहिला. ग्राहकाने इमानेइतबारे ३० टाकले, म्हणजे ३० मिलिसेकंद, आणि त्याची प्रत्येक रिक्वेस्ट तुटायला लागली. सपोर्टवाल्यांनी दोन दिवस नेटवर्क तपासलं! शेवटच्या स्प्रिंटपर्यंत थांबलं की असे बदल कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. ज्याने केला, तोही विसरलेला असतो.

उपाय काही अवघड नाही. स्टोरीखाली (म्हणजे एखाद्या सुविधेच्या मुख्य तिकिटाखाली) डॉक्सची सबटास्क ठेवा, किंवा ‘डेफिनिशन ऑफ डन’मध्येच, म्हणजे काम पूर्ण झालं कधी म्हणायचं त्या व्याख्येतच, एक ओळ घाला. स्क्रम या अ‍ॅजाइलच्या एका प्रकाराचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीप्रमाणे ती व्याख्या पूर्ण न करणारं काम रिलीज करता येत नाही, स्प्रिंट रिव्ह्यूत दाखवताही येत नाही. अख्खं युजर गाइड नव्याने बांधायचं असेल, तर त्याची वेगळी स्टोरी, वेगळे पॉइंट (काम केवढं, त्याचा अंदाज).

तिसरा: “लिखाणाचा अंदाज बांधता येत नाही, मग ट्रॅक काय करणार?” कोडचा तरी कुठे अचूक बांधता येतो? बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने. स्वल्पविराम दुरुस्त करायलाही तिकीट काढायला लावणारे महाभाग मी पाहिलेत. तिकडे ट्रॅकिंगच कामापेक्षा जड होतं. पण म्हणून सगळीच तिकिटं बंद?

उरलेले दोन झटपट. “कोड हेच डॉक्युमेंटेशन”: प्रोग्राम तीनदा प्रयत्न करून थांबतो, एवढं कोड सांगेल, तीनच का, ते नाही. “एआय लिहील”: लिहू दे की. पण सेकंदांचे मिलिसेकंद झाले हे त्याला कोण सांगणार आणि त्याने लिहिलेलं तपासणार कोण? तेही कामच, त्यालाही तिकीट लागतं.

बहिणीने मॅनेजरला मॅनिफेस्टोतलं ते खालचं वाक्य पाठवलंय. निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.