राजाचा पुतळा आणि भाऊसाहेबांचा चहा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षे झाल्याच्या सोहळ्याची बातमी सर्वांनीच वाचलेली असल्यामुळे रविवारी संध्याकाळी पोस्टासमोरच्या कट्ट्यावर ती कोणी पुन्हा सांगत बसले नाही. भाऊसाहेबांनी टेकता टेकताच निकाल देऊन टाकला की, अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले ते निव्वळ पैशासाठी, आणि हक्कांच्या गोष्टी त्यांना मागाहून सुचल्या. भाऊसाहेबांचा चहापावडरीचा घाऊक धंदा आहे, त्यामुळे जगातली कोणतीही उलथापालथ ते किलोच्या भावात मोजतात, आणि १७७३ च्या डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या हे आठवले की त्यांचा जीव आजही कळवळतो.

"त्या वर्षीच्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला होता," ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "स्वस्त माल समुद्रात ओतणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही!"

अप्पांनी तीस वर्षे एका नगरपालिकेत घरपट्टीची वसुली केली आहे, आणि कर या विषयावर ते बोलू लागले की मी गप्प बसून ऐकतो. "चहा स्वस्त झाला, पण त्यावरचा पौंडामागे तीन पेन्सचा कर तसाच ठेवला होता," ते शांतपणे म्हणाले. "माल घेतला की कर कबूल, आणि कर कबूल केला की तो बसवण्याचा लंडनच्या पार्लमेंटचा अधिकारही कबूल. भाऊसाहेब, तुम्ही पावतीवरचा आकडा वाचता. त्या लोकांनी खालची सही वाचली."

अप्पांचे म्हणणे असे की, १७६३ साली फ्रान्सविरुद्धचे युद्ध जिंकले गेले तेव्हा साम्राज्याचा सर्वांत जास्त अभिमान कोणाला असेल तर तो याच वसाहतींतल्या लोकांना होता. त्या युद्धात ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले, आणि ते फेडायला वसाहतींनी हातभार लावावा असे लंडनला वाटले, तर त्यात नवल नव्हते. पण १७६४ मध्ये काकवीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली आणि ती खरोखर वसूल करायला सुरुवात केली, तिथे पहिला खडा पडला. वर्षानुवर्षे कागदावरच राहिलेला कर निम्मा करून एकदम दारात उभा राहणारा कारकून लोकांना दुप्पट करापेक्षाही जाचक वाटतो, हे अप्पांनी शिव्या खाऊन शिकलेले आहे. पुढच्याच वर्षी मुद्रांकाचा कायदा आला. करारनामे, परवाने, वर्तमानपत्रे, इतकेच काय, पत्त्यांच्या जोडावरसुद्धा शिक्का लागणार होता. त्याची झळ नेमकी वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले यांना बसली, म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी होती, ज्यांच्याकडे यंत्र होते आणि ज्यांच्याकडे चार माणसे रोज बसत होती, त्यांना.

"मँचेस्टरचासुद्धा पार्लमेंटात खासदार नव्हता, तरी ते कर भरतच होते ना?" भाऊसाहेबांनी हे कुठून तरी वाचून ठेवले होते आणि ते दोनदा ऐकवले.

"म्हणजे एकाच्या पानात वाढले नाही, म्हणून दुसऱ्यालाही उपाशी उठवायचे," अप्पा म्हणाले, आणि मँचेस्टर तिथेच संपले.

बाई आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, आणि मला तीच या साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. १७६५ च्या ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, तेव्हा त्यांच्या ठरावाची सुरुवातच राजनिष्ठेने होते. आम्ही राजाचे इंग्रज प्रजाजन आहोत, म्हणून आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर बसवता येत नाही, असे ते सांगत होते. त्यांची तक्रार त्यांच्या निष्ठेतूनच निघाली होती. दादाभाई नौरोजींनी इथल्या कारभाराला 'अन-ब्रिटिश' म्हटले, त्यातही हाच सूर असल्याचे बाई म्हणाल्या. ज्याने मालकाला कधी आपले मानलेच नाही, त्याचा विश्वासघात होत नाही.

बाईंचा पुतण्या किरण न्यू जर्सीहून सुट्टीवर आला आहे. तो आतापर्यंत ऐकत होता. आता त्याने एका पुतळ्याची गोष्ट काढली. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला बोलिंग ग्रीन नावाची छोटी बाग आहे. मुद्रांकाचा कायदा रद्द झाल्याच्या आनंदात तिथल्या लोकांनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा सोन्याचा मुलामा दिलेला अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि १७७० मध्ये या बागेत बसवला. ९ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवल्यावर जमावाने तोच पुतळा दोर लावून पाडला. आत शिसे होते; ते कनेक्टिकटला नेऊन वितळवले आणि त्याच्या ४२,०८८ गोळ्या पाडल्या. बागेभोवतीचे लोखंडी कुंपण अजून उभे आहे. खांबांच्या माथ्यावरची शोभेची टोके तेव्हा कापून नेली होती, आणि तिथे हात फिरवला की करवतीचा खरखरीतपणा बोटांना लागतो, असे सांगताना किरणची बोटे कट्ट्याच्या दगडावर फिरत होती.

"सहा वर्षांत पुतळ्याच्या गोळ्या!" अप्पा म्हणाले. "अहो, १७७५ च्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टन गावात इंग्रज सैन्याशी पहिली चकमक होऊन रक्त सांडल्यावरही हे लोक समोरच्या सैन्याला राजाची फौज म्हणत नव्हते, मंत्र्यांची फौज म्हणत होते. वाईट असतील ते दिवाण. राजा आपला आहे. त्या जुलैत त्यांनी राजाला शेवटचा अर्ज पाठवला. त्याने तो हातातसुद्धा घेतला नाही, आणि ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवले. वरचा अधिकारी अर्ज घेत नाही, तोवर माणूस अर्जदार असतो."

जाहीरनाम्यातल्या तक्रारींची यादी एकट्या राजावर रोखलेली आहे, ती यामुळेच.

बाईंनी मात्र अप्पांनाही सोडले नाही. १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या गव्हर्नराने बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील त्यांना मुक्ती जाहीर केली, आणि तेव्हा तिथल्या मळेवाल्यांची उरलीसुरली राजनिष्ठा ओसरली, हेही स्वातंत्र्याच्याच इतिहासात लिहावे लागते, असे त्या म्हणाल्या. अप्पांनी मान डोलावली. शिवाय निष्ठा सर्वांचीच तुटली नव्हती. वसाहतींतले नावाजलेले पुढारी बेंजामिन फ्रँकलिन बंडाच्या बाजूला गेले, पण न्यू जर्सीचा गव्हर्नर असलेला त्यांचा मुलगा विल्यम राजाकडेच राहिला, आणि बापलेकांचे पुढे कधी मनापासून जुळले नाही.

"म्हणजे घरे मोडली, धंदे बुडाले, आणि कशासाठी? तीन पेन्ससाठी!" भाऊसाहेब पुन्हा मूळपदावर आले.

अप्पा त्यांच्याकडे वळले. "भाऊसाहेब, १९८८ चा गणपती आठवतो? त्याआधी तुम्ही दरवर्षी आपण होऊन मंडळाला एकशे एक देत होता. त्या वर्षी कार्यकारिणीने बैठक न घेता तुमच्या दुकानावर एक्कावन्नची पावती फाडली. तुम्ही दमडी दिली नाहीत, आणि समोरच्या बोळात स्वतःचा मांडव घातलात. किती हजार गेले त्यात?"

"अहो, पैशाचा प्रश्नच नव्हता तो!" भाऊसाहेब ताडकन उठून उभे राहिले. "मला एका शब्दाने तरी विचारले होते का कोणी?"

आधी किरण हसला, मग बाई, आणि मग भाऊसाहेबांना कळले. ते कपाळावर हात मारून पुन्हा खाली बसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.