‘एक क्रँकबेट पुरे’ म्हणणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. एकदा मावसभावाकडून, एकदा रामबागेतल्या जुन्या शेजाऱ्यांकडून आणि दोनदा ग्रुपवर. सुट्टीत मुलाकडे नाहीतर मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या इंदूरच्या मराठी मंडळींसाठी कुणीतरी तो आस्थेनं लिहिलाय. म्हणणं असं: घरामागच्या छोट्या तळ्यात बास, म्हणजे तिथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, पकडायचा असेल तर एकच ल्यूर, म्हणजे नकली आमिष, घ्या, बाकी सगळा दुकानदारांचा धंदा. पुढे कारणं दिलीत. जगातला सर्वांत मोठा बास एकाच ल्यूरवर लागला. घ्यायचा तो क्रँकबेट, कारण त्याला दोन तिहेरी गळ असतात, मासा सुटत नाही. रंग दोन ठेवा, पांढरा आणि पिवळा. तळं छोटं, मग ल्यूरही छोटा. आणि परत येताना तोच घेऊन या. बास आपल्याकडेही आहे, पावसाळ्यात इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर मजा येईल.

दुकानदारांबद्दल जे म्हटलंय ते मला मान्य आहे. बाकीचं नाही. मी काही मोठा शिकारी नव्हे. लहानपणी वडिलांबरोबर बांबूची काठी, तंगूस आणि डब्यात ओल्या मातीतली गांडुळं घेऊन यशवंत सागरच्या काठावर बसलेला माणूस. पण अटलांटाजवळ पुतण्याकडे दोन मुक्काम झाले, आणि दोन्ही वेळा त्याच्या कॉलनीमागच्या तळ्यावर रोज संध्याकाळ घालवली. फॉरवर्डमधला सल्ला मी तिथे तंतोतंत पाळून पाहिला आहे, पैसे खर्चून.

आधी तो विक्रम. 2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये जॉर्ज पेरी नावाच्या जेमतेम विशीच्या शेतकरी पोराला 22 पौंड 4 औंसांचा बास लागला, म्हणजे दहा किलोंच्या वर. हे तळं म्हणजे ऑक्मल्गी नदीनं वळण सोडल्यावर मागे राहिलेलं पाणी. त्यामुळे ‘छोट्या पाण्यात मोठा मासा’ म्हणून ही गोष्ट सगळीकडे सांगतात, आणि ती खरी आहे. पण ल्यूर एकच का होता? पेरी आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून तेवढा एकच होता म्हणून. मंदीचे दिवस होते, पाऊस पडलेला, शेतात काम करता येईना, तेव्हा दोघं तळ्यावर गेले. मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. ज्याच्याकडे एकच छत्री आहे तो ती घेऊन निघतो. म्हणून ती छत्री सगळ्यांत चांगली ठरत नाही.

शिवाय फॉरवर्ड अर्धीच गोष्ट सांगतो. 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बास काढला आणि विक्रमावर आता दोघांचं नाव आहे. कुरितांच्या गळाला काय होतं? जिवंत ब्लूगिल मासा. विक्रमावरूनच आमिष ठरवायचं तर हिशेब एक ल्यूर, एक जिवंत मासा असा बरोबरीत सुटतो.

आता क्रँकबेट. माझं खरं भांडण याच्याशी आहे.

क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा फुगीर पोटाचा मासा. तोंडाला पारदर्शक जिभेसारखी पट्टी असते. रीळ फिरवलं की ती पट्टी पाणी कापते आणि ल्यूर खाली बुडी मारून डुलत येतो. पट्टी लांब असेल तर खोल जातो, आखूड असेल तर वरच्या हातभर-दोन हात पाण्यात राहतो. पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे दोन तिहेरी गळ, म्हणजे सहा टोकं. धरणाच्या दगडी भिंतीलगत, मोकळ्या पाण्यात, मासा नेमका कुठे आहे ते भराभर शोधायला याच्यासारखं हत्यार नाही, हे मी आनंदानं कबूल करतो.

पण छोटं तळं कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. पुतण्याचं तळं दोन क्रिकेटच्या मैदानांएवढं. काठापासून दहा-बारा फुटांपर्यंत शेवाळ आणि पाणगवत, एका कोपऱ्यात पाण्यात आडवं पडलेलं पाइनचं झाड, एक लाकडी धक्का आणि त्याखाली सावली. मधल्या मोकळ्या पाण्यात विशेष काही नसतं. बास बसतो तो त्या झाडाच्या फांद्यांत, धक्क्याच्या सावलीत, गवताच्या कडेला. तो पाठलाग करून दमणारा मासा नाही. दबा धरून बसतो आणि जवळून गेलेल्यावर झडप घालतो. म्हणजे आमिष अडगळीत जायला हवं. आणि सहा उघडी टोकं अडगळीत गेली की काय होतं? पहिल्याच संध्याकाळी तासाभरात माझे दोन क्रँकबेट त्या पाइनला लागले. दिवाळीच्या आकाशकंदिलांसारखे तिथेच लटकलेत अजून. तिसऱ्यानं दर फेकीला मूठभर शेवाळ आणलं. ‘मासा सुटत नाही’ हे खरं असेल, पण आधी झाडही सुटत नाही.

शिवाय तिथे बहुतेक लोक मासा पकडून परत सोडतात. तीन टोकं जबड्यात आणि तीन माझ्या अंगठ्यात, अशा अवस्थेत तडफडणारा मासा सोडवून पाहा. शेजारी सहा वर्षांचा नातू उभा असेल तर आणखीच.

दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, तो डबा ठेवा बाजूला. हे लावून बघा.” त्याच्या हातात मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ होतं, पाच इंचाचं, दोन्हीकडे निमुळतं, गुळगुळीत. मला हसू आलं. चाळीस वर्षांपूर्वी डब्यात खरी घेऊन जायचो, आता हजारो मैल येऊन रबराची! प्लॅस्टिकच्या गांडुळांची परंपराही घरगुतीच आहे. ओहायोतल्या अक्रन गावात निक क्रीम यांनी 1949 मध्ये ती स्वयंपाकघरात शेगडीवर ओतून केली होती. माझ्या हातातला काडीसारखा प्रकार गॅरी यामामोतो यांनी गाजवला. त्याचा आकार बॉलपेनावरून घेतला अशी हकिगत सांगतात, आणि हातात घेतल्यावर ती पटते.

लावायची रीत बघण्यासारखी आहे. गळ साधा नसतो, डोळ्यापाशी त्याला एक पायरी असते. टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूनं बाहेर काढायचं. मग गळ ओढून घ्यायचा, डोळा डोक्यात रुतेपर्यंत. आता गळ अर्धा वळवायचा, त्याचा बाक गांडुळाशेजारी धरून टोक कुठे येतं ते नखानं खुणवायचं आणि तिथेच टोक परत अंगात खुपसायचं. गांडूळ सरळ दिसलं पाहिजे. वाकलं तर ओढताना गिरक्या घेतं आणि तंगूसला पीळ बसतो. टोक आता प्लॅस्टिकच्या आत लपलेलं. शेवाळातून जातं, फांदीवरून घसरतं, कशालाच लागत नाही. मासा चावला की मऊ अंग दबतं आणि टोक बाहेर येतं. याला टेक्सास रिग म्हणतात. छोट्या, उथळ पाण्यात मी शिसंही लावत नाही.

पाइनच्या बुंध्याला लागून टाकलं आणि सवयीनं रीळ फिरवायला गेलो. पुतण्यानं माझा हात धरला. “काही करू नका. पडू द्या.” गांडूळ आडवंच, दोन्ही टोकं किंचित थरथरत, सावकाश खाली जात होतं. तंगूस पाण्यावर सैल पडलेली. मग ती सैल तंगूस उगाचच डावीकडे सरकायला लागली. झटका नाही, ओढ नाही, नुसती सरकतेय. बास पुष्कळदा असाच घेतो: तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि चालू लागतो. ढील गुंडाळली, काठी उचलली आणि त्यानंतरची दोन मिनिटं मी पुतण्याशी काय बोललो ते मला आठवत नाही.

तेव्हा एकच घ्यायचं ठरलं तर माझं मत या पाच इंची गांडुळाला. दोषही सांगतो. काम संथ आहे, मोठ्या पाण्यात दिवस संपेल. दोन-तीन माशांत फाटतं, आणि फाटलेलं पाण्यात टाकायचं नाही, खिशात घालून घरी आणायचं. पावसानंतर पाणी चहासारखं गढूळ झालं की मात्र मी स्पिनरबेट काढतो. सेफ्टी पिनसारखी वाकवलेली तार, वरच्या टोकाला फिरतं पातं, खालच्याला झालर आणि एकच गळ. तार पुढे असल्यानं तोही काटक्यांतून निघतो. गोल पातं जास्त धडधडतं, लांबट पातं जास्त चमकतं. गढुळात गोल घ्यावं, कारण तिथे बास डोळ्यांपेक्षा अंगावरच्या संवेदनरेषेवर, म्हणजे पाण्यातल्या थरथरीवर जास्त भिस्त ठेवतो.

रंगांचं तर हसू येतं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये बासच्या रंगदृष्टीवर काम प्रसिद्ध केलं. त्याला लाल आणि हिरवा हे रंग छान ओळखता येतात. पण झगझगीत पिवळा आणि पांढरा यांत तो गोंधळतो, तसाच गडद निळा आणि काळा यांत. म्हणजे फॉरवर्डनं निवडून नेमके ते दोन रंग सांगितलेत जे माशाला जवळपास एकच! मी ग्रीन पंपकिन नावानं विकतात तो घेतो. शेवाळी, वर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके.

‘तळं छोटं तर ल्यूर छोटा’ यावर फार वेळ घालवत नाही. या बासचं पूर्ण नाव लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा, आणि ते उगाच पडलेलं नाही. मिटलेल्या तोंडाचा कोपरा डोळ्याच्या मागे जातो. माझ्या पाच इंची गांडुळावर लागलेला एक बास जेमतेम वीतभर होता.

राहिलं यशवंत सागर. आपल्याकडे तो बास नाही, तो उत्तर अमेरिकेचा. इंदूरच्या हॉटेलांत मिळतो तो बासा, म्हणजे पंगॅसियस, मार्जारमीन. कोकणातली मंडळी ज्याला जिताडा म्हणतात तो सी बास. या तिघांचं एकमेकांशी नातं नाही. आणि खुद्द लार्जमाउथ बास तर सनफिशच्या कुळातला, वर उल्लेख झालेल्या ब्लूगिलचा भाऊबंद. आपल्या तलावांत दबा धरून बसणारा शिकारी म्हणजे मरळ. तोही शेवाळात राहतो, म्हणून त्याच्यासाठीही उघड्या गळांचा क्रँकबेट नको. पोकळ रबरी बेडूक बरा, गळ अंगाला चिकटलेले, पानांवरून उड्या मारत आणता येतो.

पण ‘पावसाळ्यात’ हे शब्द लिहिणाऱ्यानं मध्य प्रदेशातला नियम वाचलेला नाही. 16 जून ते 15 ऑगस्ट प्रजननाचा काळ म्हणून मासेमारी बंद असते. एरवीही तलाव बहुधा ठेक्यावर दिलेले असतात, आधी विचारावं. सिरपूर आणि यशवंत सागर तर 2022 पासून रामसर यादीतल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ जागा आहेत.

या फॉरवर्डखाली एकानं लिहिलं होतं, “मग बासची पिल्लंच आणून सोडू या की!” थट्टा असेल अशी आशा आहे. जपानमध्ये 1925 साली आशी तलावात बास सोडला गेला. तो देशभर पसरला आणि तिथल्या मूळच्या लहान माशांवर संक्रांत आली. आता बास नुसता जिवंत नेण्यावरही कायद्यानं बंदी आहे, आणि कुरितांच्या बिवा तलावात तर पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाही मनाई आहे.

मावसभाऊ मार्चअखेर जॉर्जियाला निघतोय. वेळ उत्तम आहे, पाणी सोळा अंशांच्या वर गेलं की बास अंडी घालायला काठाशी येतो. सार्वजनिक पाण्यात सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, ते आधी ऑनलाइन काढ म्हणून बजावलंय. त्याला एक पाकीट गांडुळं आणि पाच गळ दिले. गळ चेक-इनच्या बॅगेत ठेव म्हटलं. त्यानं विचारलं, “आणि क्रँकबेट?” म्हटलं, तिथे आहेत दोन, पाइनवर. काढता आले तर तुझे.