सेवा अशी करा की आई-वडिलांना पळता भुई थोडी व्हावी

चारचौघांनी 'काय गुणाची पोरं निघाली हो!' म्हणावं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र आपण अडगळ झालोय असं वाटावं, हे दोन्ही एकाच वेळी साधायचं असेल तर थोडी शिस्त लागते.

सुरुवात त्यांच्या हातातलं काम काढून घेण्यापासून करा. सगळं एका दिवसात काढू नका, भांडण होईल. आधी जड पिशवी, मग कुंड्यांना पाणी, मग बँकेचं पासबुक, मग रात्री दाराला कडी घालणं. दर वेळी वाक्य एकच: 'तुम्ही आता आराम करा.' बसून बसून पायातली ताकद जाईलच. मग उठताना तोल गेला की 'बघा, म्हणूनच म्हणत होतो' असं म्हणायला तुम्ही मोकळे.

इथे एक धोका सांगून ठेवतो. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमात दोन गट केले. दोघांनाही रोपटं दिलं. एका गटाला सांगितलं, हे तुम्हीच सांभाळायचं, तुमचे बाकीचे निर्णयही तुम्हीच घ्यायचे. दुसऱ्याला सांगितलं, पाणी कर्मचारी घालतील, तुम्ही काळजी करू नका. पहिला गट जास्त आनंदी आणि हिंडता-फिरता राहिला. तेव्हा घरात कुंडी दिसली की लगेच जबाबदारी तुमच्याकडे घ्या.

मदतीचं माप कधीच ठेवू नका. समाजशास्त्रज्ञ मेरिल सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलं की मुलांची बेताची मदत आई-वडिलांच्या मनाला उभारी देते, पण ती फार वाढली की परिणाम उलटा होऊ लागतो. तुम्हाला हवा आहे तो हाच उलटा भाग, म्हणून बेतावर थांबायचं नाही. त्यांनी काही देऊ केलं, नातवाला शिकवतो म्हणाले, शर्टाचं बटण लावून देते म्हणाल्या, तर ताबडतोब नकार द्या. घेणं त्यांच्याकडे आणि देणं तुमच्याकडे, अशी पक्की वाटणी झाली की माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसतो.

पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आपोआप खात्यात जमा होऊ देऊ नका, त्यात त्यांचा मान राहतो. मागितल्यावरच द्या, आणि देताना 'कशाला हवेत?' हे विचारायचं राहू नये. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल अशी सोय केलीत तर विचारावंही लागणार नाही, त्यांचा प्रत्येक खर्च तुम्हाला आधी कळेल.

ऐकू कमी येत असेल तर दुसऱ्या खोलीतून, पाठ करून ओरडा. वयामुळे कान जातात तेव्हा बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ यांसारखी अक्षरं निसटतात. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. म्हणजे त्यांना तुमचा राग स्वच्छ ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाहीत. समोर बसून, तोंडाकडे पाहू देऊन, सावकाश बोललात तर त्यांना कळेल, आणि मग उत्तर ऐकून घ्यावं लागेल. (ऐकण्याचं यंत्र घेतलंत तर ते मोडू देऊ नका. कपाटात ठेवा, 'जपून' म्हणून.)

डॉक्टरांकडे गेल्यावर खुर्ची पुढे ओढून बसा. 'दुखतंय कुठे?' हा प्रश्न त्यांना विचारलेला असला तरी उत्तर तुमचं. 'यांना काही आठवत नाही हो,' हे त्यांच्या देखतच म्हणा.

लांब राहत असाल तर फोनवर तीन प्रश्न पुरतात: जेवलात का, गोळी घेतली का, झोप झाली का. तिन्हींचं उत्तर 'हो' येतं आणि फोन मिनिटभरात आटोपतो. चुकूनही त्यांचा सल्ला विचारू नका, त्यांना आपली गरज आहे असं वाटू लागतं. जवळ राहणाऱ्या भावंडाने रोजचं सगळं करावं, तुम्ही सुट्टीत येऊन त्याच्या चुका काढाव्यात. आई-वडिलांना मग दोघांची बाजू सांभाळत बसण्याचं एक काम मिळतं. तेवढं एक काम काढून घेऊ नका.

राहिला प्रश्न मातृ-पितृभक्तीचा. कुआंग-हुई येह आणि ओल्वेन बेडफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली तिचे दोन प्रकार मांडले: एक मायेतून आणि कृतज्ञतेतून येणारी, दुसरी वडीलधाऱ्यांच्या अधिकारापुढे मान तुकवणारी. पहिलीला वेळ फार लागतो. दुसरीत पाया पडणं, वाढदिवसाला शाल आणि घरच्या ग्रुपवर फोटो एवढ्यात भागतं.

समाधानाची खात्री अधूनमधून करून घ्या. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, मोठ्याने, खांद्यावर हात ठेवून विचारा, 'आई, बाबा, काही कमी आहे का हो तुम्हाला?' 'नाही रे, काही कमी नाही,' हेच उत्तर येईल. एकट्यात, दार लावून, निवांत बसून हा प्रश्न कधीही विचारू नका.