मंजुरी लागते, पण मागतील ते सगळं द्यावं लागत नाही

बॉस्टनच्या आसपासच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांना घरी शिकवायची (होमस्कूलिंगची) परवानगी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारी यंत्रणा, सहसा देतच नाही. त्यासाठी आईवडिलांकडे शिक्षकाचं लायसन्स लागतं, घर बघायला माणूस येतो, दरवर्षी सरकारी परीक्षा सक्तीची असते आणि एकदा नकार आला की विषय संपला. त्याखाली हमखास कुणीतरी लिहितं, 'जर्सीला माझ्या भावानं कुणालाच विचारलं नाही, तुम्ही कशाला विचारता?' मेसेज वाचून काही जण घाबरून बेत सोडून देतात. भावाचं ऐकून काही जण न विचारताच मुलाला शाळेतून काढतात. नुकसान दोघांचंही होतं.

आधी जर्सीच्या भावाबद्दल. त्याचं त्याच्या घरापुरतं बरोबर आहे. न्यू जर्सीत होमस्कूलिंगसाठी डिस्ट्रिक्टची मंजुरी लागत नाही, टेक्ससमध्येही लागत नाही. हा कायदा राज्याराज्याचा वेगळा. मॅसॅच्युसेट्सनं १८५२ मध्ये, अमेरिकेत सर्वांत आधी, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. शाळेबाहेर शिकवायचं असेल तर सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी) किंवा स्कूल कमिटीची आगाऊ मंजुरी हवी, असं इथला कायदा आजही सांगतो. सहा ते सोळा वयाच्या मुलांना तो लागू आहे. तेव्हा इथे विचारावंच लागतं.

पण विचारावं लागतं याचा अर्थ डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर सगळं सोडलंय असा नाही. कँटन गावातल्या एका कुटुंबाच्या खटल्यात १९८७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं डिस्ट्रिक्टनं काय बघावं आणि काय बघू नये, हे ठरवून दिलं. मुलांच्या ओळखीचं संरक्षण व्हावं म्हणून तो निकाल 'चार्ल्स' या नावानं ओळखला जातो. विषय कोणते, तास किती, पुस्तकं कोणती, शिकवणारे पालक सक्षम आहेत का आणि प्रगती कशी मोजणार, एवढं डिस्ट्रिक्टला विचारता येतं. कॉलेजची पदवी किंवा शिक्षकाचं लायसन्स नाही म्हणून नकार देता येत नाही, हे त्याच निकालात आहे. पुस्तकं आणि पाठ बघायचे ते विषय आणि इयत्ता कळण्यापुरते. शिकवायचं कसं, हे सांगायचा अधिकार त्यातून मिळत नाही. ज्या आईनं मराठी माध्यमातून बारावी केली आणि इथे येऊन घर सांभाळलं, तिला या एका मुद्द्यावरून गप्प बसवलेलं मी पाहिलंय, आणि त्याचा मला फार राग येतो.

घरभेटीचा मुद्दा सर्वांत जास्त घाबरवतो. आपल्याला शाळा तपासायला येणारे साहेब आठवतात, त्यात व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाला सरकारी माणूस दारात नकोच असतो. लिन शहरातल्या काही कुटुंबांचं डिस्ट्रिक्टशी बाकी सगळं पटलं होतं, अडलं होतं ते फक्त घरभेटीवर. १९९८ मध्ये त्याच न्यायालयानं निकाल दिला की पालकांची संमती नसेल तर घरभेट ही मंजुरीची अट असू शकत नाही. तरीही आमच्या डिस्ट्रिक्टच्या छापील फॉर्मवर 'भेटीसाठी सोयीची वेळ' असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला, शेजारी 'ब्रुनेल विरुद्ध लिन, १९९८' एवढंच लिहिलं आणि बाकीचा प्लॅन, म्हणजे काय आणि कसं शिकवणार याचा आराखडा, नीट भरला. मंजुरीचं पत्र आलं, त्यात भेटीचा उल्लेखही नव्हता.

प्लॅन मात्र खरंच नीट लिहा. कायद्यातली विषयांची यादी जुन्या वळणाची आहे: शुद्धलेखन, वाचन, लेखन, इंग्रजी व्याकरण, भूगोल, अंकगणित, चित्रकला, संगीत, अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना, नागरिकाची कर्तव्यं, आरोग्य, व्यायाम, सद्वर्तन. प्रत्येकापुढे एक-दोन ओळी आणि पुस्तकाचं नाव पुरतं. मुलगी तबला शिकत असेल तर तो संगीतात लिहा. सार्वजनिक शाळांना वर्षाला प्राथमिकसाठी ९०० आणि माध्यमिकसाठी ९९० तासांचं बंधन आहे. बहुतेक पालक प्लॅनमध्ये तेच आकडे धरतात.

परीक्षेबाबत मेसेज अर्धा खरा आहे. ठरावीक काळानं प्रमाणित चाचणी घ्या, असं डिस्ट्रिक्ट म्हणू शकतं. पण कोणती आणि कुठे, हे पालकांशी बोलून ठरवायचं असतं. दोन्ही बाजू राजी असतील तर चाचणीऐवजी प्रगती अहवाल किंवा तारखा घातलेले कामाचे नमुने चालतात. सार्वजनिक शाळांतली एमकॅस ही राज्याची परीक्षा होमस्कूलच्या मुलांना सक्तीची नाही.

'पुढे कॉलेजला कोण घेणार?' हाही प्रश्न त्या मेसेजच्या शेवटी असतो. डिस्ट्रिक्टचा डिप्लोमा, म्हणजे बारावी पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मिळत नाही, हे खरं. पण याच राज्यातल्या एमआयटीनं २०१६ मध्ये मुंबईच्या एका घरी शिकलेल्या मुलीला प्रवेश दिला. तिच्याकडे बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती. प्रत्येक मूल ऑलिंपियाडला जाणार नाही, पण प्रमाणपत्राविना दार बंदच, असं म्हणता येत नाही.

राहिला नकार. प्लॅन फेटाळला तर कारणं तपशिलानं द्यावी लागतात आणि तो दुरुस्त करायची संधी पालकांना मिळायला हवी, हेही चार्ल्सच्या निकालातच आहे. म्हणून फोनवर 'नाही होणार' ऐकून गप्प बसू नका, कारणं लेखी मागा. आणि जो शाळेत जातोय त्याला मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत शाळेत पाठवत राहा. मंजुरीआधी घरी ठेवलेला प्रत्येक दिवस गैरहजेरी म्हणून नोंदला जातो, आणि मग चर्चा तुमच्या प्लॅनची न होता त्या गैरहजेरीची होते.