किमरिजचा प्लायोसॉर: डायनासोर नव्हे, आणि आज जिवंतही नाही

‘इंग्लंडच्या कड्यात समुद्री डायनासोर सापडला. त्याने टी-रेक्सलाही फाडून खाल्लं असतं. कवटी इतकी शाबूत आहे की तो अलीकडेच मेला असणार. खोल समुद्रात त्याचे भाऊबंद आजही असतील.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय.

कवटी खरी आहे, तब्बल दोन मीटर लांब, प्लायोसॉर नावाच्या प्राण्याची. २०२२ मध्ये डॉर्सेटच्या किमरिज किनाऱ्यावर फिल जेकब्स यांना आधी मुस्कटाचं टोक मिळालं. बाकीची कवटी कड्यात उंचावर रुतली होती; जीवाश्म संग्राहक स्टीव्ह एचेस आणि सहकाऱ्यांनी दोरांवर लटकून ती कोरून काढली. एवढ्या कष्टाच्या शोधाला खोट्याची जोड कशाला?

प्लायोसॉर डायनासोर नव्हे. तो वल्ह्यांसारखे चार पाय असलेला समुद्री सरीसृप, वेगळ्याच शाखेतला.

टी-रेक्सशी गाठ पडणंही अशक्य. ही कवटी सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीची, टी-रेक्स त्यानंतर आठ कोटी वर्षांनी आला, तोही उत्तर अमेरिकेत.

आता ‘शाबूत म्हणजे ताजी’ हा मुद्दा. तेव्हा तिथे समुद्र होता. तळाशी मऊ चिखल आणि पाण्यात प्राणवायू अगदी कमी, त्यामुळे सांगाडा कुरतडणारे जीव फारसे नव्हते. कवटी गाळात गाडली गेली, हाडांत खनिजं मुरली आणि बारकावेसुद्धा टिकले. दातांवर बारीक उभ्या कडा दिसतात: भक्ष्यात दात खुपसून झटकन बाहेर काढायला त्या उपयोगी. मुस्कटावर छोटी छोटी भोकं आहेत. पाण्यातली हालचाल त्यांतून टिपली जात असावी. डोक्याच्या माथ्यावरही एक भोक आहे, उजेड ओळखणाऱ्या तिसऱ्या डोळ्याचं. आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्या माथ्यावरही असा डोळा असतो, नीट पाहिलं तर ठिपक्याएवढा दिसतो.

आणि जिवंत? हा प्राणी फुप्फुसांनी श्वास घ्यायचा. दहा-बारा मीटरचं धूड हवेसाठी वारंवार वर येणार आणि एकाही जहाजाला दिसणार नाही, किनाऱ्याला कधी एक हाडही लागणार नाही? देवमासे दिसतात, तसे हेही दिसले असते. शिवाय सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या काळानंतरच्या खडकांत प्लायोसॉर सापडतच नाहीत.

पसरवायचंच तर हे पसरवा: त्याचं धड बहुधा अजून त्याच कड्यात आहे, आणि कडा सतत समुद्रात ढासळतोय. ते वाहून जायच्या आत बाहेर निघायला हवं.