मोठे दोन, लहान शून्य

वॉटर पार्कच्या तिकीट खिडकीतल्या पोराने विचारलं, मोठे किती, लहान किती? म्हटलं मोठे दोन. "आणि लहान?" लहान नाही. त्याने आधी माझ्यामागे बघितलं, मग नवऱ्यामागे, मग चक्क वाकून काउंटरच्या खाली बघितलं, म्हणजे एखादं फुकटात घुसवतायत की काय!

लग्नाला 11 वर्षं झाली, मूल नाही, त्याबद्दल आमची तक्रार नाही, तक्रार कायम दुसऱ्यांचीच असते. सिडकोतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, मे महिना, रात्री भिंतीसुद्धा गरम, म्हणून नवरा म्हणाला चल वॉटर पार्कला जाऊ, जाता जाता मिसळ खाऊ. आता मिसळीचं बघा, नाशिकात मिसळ काय नुसती मिसळ असते का, झोपाळे, घसरगुंडी, ससे, कुठेकुठे बैलगाडी पण. तिथे पन्नाशीचे काका झोपाळ्यावर बसून सेल्फी काढतात आणि वर तिसऱ्यांदा रस्सा मागतात. त्यांना कोणी विचारतं का, काका तुमची नात कुठाय? मग पाण्याच्या घसरगुंडीनेच काय घोडं मारलंय?

आत गेलो. भाड्याचा नायलॉनचा ड्रेस, त्याबद्दल मी बोलणार नाही. नवरा लगेच स्लाइडकडे पळाला आणि मी वेव्ह पूलच्या काठावर जरा टेकले, तर एक ताई आल्या. "तुम्ही बसलाच आहात ना, एवढी बॅग बघाल? तुमच्यामागे काय पोरंबाळं नाहीत." मग त्यांची जाऊ आली. मग जावेची शेजारीण. नवरा वीस मिनिटांनी परत आला तेव्हा माझ्याजवळ चार बॅगा, सहा जोड चपला, ठेपल्यांचा डबा आणि झोपलेलं एक बाळ होतं.

"मी फक्त वीस मिनिटं गेलो होतो," तो म्हणाला.

मग ओल्या अंगाने ज्ञान पाजळायला बसला, ही त्याची जुनी खोड. म्हणे परदेशात लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर आहेत, लेगोच्या ठोकळ्यांची खेळघरंच म्हणा, तिथे सोबत लहान मूल नसेल तर एरवी मोठ्यांना आतच घेत नाहीत, अधूनमधून खास मोठ्यांसाठी रात्र ठेवतात. आणि गंमत म्हणजे वॉल्ट डिस्नेच्या मुली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर बसायच्या, हा बापडा बाकावर शेंगदाणे खात बसायचा, तिथे त्याला सुचलं की मोठ्यांनाही मजा येईल अशी जागा पाहिजे, आणि 1955 ला डिस्नेलँड उघडलं. म्हणजे ही सगळी भानगडच मुळात बाकावर कंटाळलेल्या बापासाठी आहे होय? मी आजूबाजूला बघितलं. सगळे बाप बाकावर. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून रील्स बघतायत, एका हातात पोराचा टॉवेल.

तेवढ्यात एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा समोर उभा. "मावशी, तुम्ही रिकाम्या आहात का?"

दोघांच्या ट्यूबवर मोठं माणूस लागतं, आईला चक्कर येते, बाबा बाकावर. मी त्याच्या आईला बॅगांपाशी बसवलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि गेले. पहिल्या वळणावर मी जी किंचाळले ती पांडवलेणीपर्यंत गेली असेल. खाली आल्यावर पोरगा म्हणाला परत, मी म्हटलं परत, असं चारदा झालं, पाचव्यांदा तो दमला आणि मी त्याला ओढत नेलं. वर शिट्टीवाला दादा ओरडला, "ओ ताई, तुमच्या मुलाला नको असेल तर जबरदस्ती करू नका!"

संध्याकाळी निघताना त्या ताई गेटवर भेटल्या, पुढच्या रविवारी येणार का विचारलं, येणार असाल तर सासूबाईंना पण आणते म्हणाल्या.

पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला नवऱ्याने एकदम माझ्याकडे बघितलं.

"ते बाळ नक्की त्यांचंच होतं ना?"