ऑइलचा लाल दिवा लागल्यावर गाडी ‘हळूहळू’ चालवू नका

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार गिऱ्हाइकांनी दाखवला. ‘ऑइलचा लाल दिवा लागला तर घाबरू नका’ अशी त्याची सुरुवात. पुढे चार सल्ले आहेत: लिटरभर ऑइल ओता, आवाज येत नसेल तर हळूहळू गॅरेजपर्यंत न्या, रेस दिल्यावर दिवा जात असेल तर सेन्सर गेलाय, त्याची वायर काढून टाका, आणि पुन्हा लागू नये म्हणून जाड ऑइल भरा. माझं नाशिकला अंबडमध्ये गॅरेज आहे. हे सल्ले ऐकून आलेली एक डिझेल गाडी आत्ता माझ्या शेडमध्ये उघडून पडली आहे, म्हणून लिहितोय.

‘लाल दिवा म्हणजे ऑइल कमी.’ लाल दिवा ऑइलची पातळी बघतच नाही, तो दाब बघतो. काही गाड्यांत पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो. दाब साधारण 0.3 ते 0.5 बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेला की लाल दिवा लागतो, म्हणजे तो लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेलाच असतो. ऑइल कमी असणं हे त्याचं एक कारण, आणि घाटात वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर चमकत असेल तर बहुतेक तेच. ऑइल कमी असू शकतं, एवढंच मेसेजचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून ओतण्याआधी ऑइलची पातळी दाखवणारी काडी (डिपस्टिक) बघा. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा. पातळी कमी असेल तर खुणेपर्यंतच भरा. सुरू केल्यावर दिवा दोन-तीन सेकंदांत गेला आणि परत लागला नाही, तर गाडी न्यायला हरकत नाही. पण ऑइल गेलं कुठे ते त्याच दिवशी शोधा. दगडाने चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, फुटला असेल तर गाडीखाली डाग दिसेल. पातळी बरोबर असूनही दिवा लागला, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. काडीवर ऑइल खुणेच्या वर चढलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर ऑइलमध्ये डिझेल उतरून ते पातळ झालंय. त्यात आणखी लिटर ओतून काय होणार?

‘आवाज नाही ना, मग चालवत न्या.’ या एका ओळीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. नाशिककरांना मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, समजावून सांगायला लागत नाही. मायकोच्या (आताच्या बॉशच्या) कारखान्यात नाहीतर सातपूर-अंबडच्या मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, आणि त्याच्या बेअरिंगमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच फट असते. दाबाने आलेलं ऑइल त्या फटीत भरतं आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरतो, धातूला धातू लागत नाही. दाब गेला की लागतो. पंधराशे आरपीएमवर पंधरा मिनिटं गाडी चालवली तर क्रँक साडेबावीस हजार वेळा फिरतो. तेवढ्या घासणीनंतर जो ठोका ऐकू येतो, तो बेअरिंग संपल्याचा असतो. इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या टर्बोची गत आणखी वाईट, तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्यालाही हेच ऑइल लागतं.

शेडमधल्या गाडीचंही असंच झालं. मुंबईहून नाशिकला येताना घोटीच्या पुढे दिवा लागला, मालकाने ऑइल ओतलं, दिवा गेला नाही, तरी ते नाशिकजवळच्या विल्होळीपर्यंत आले. मला म्हणाले, “दादा, आवाज काहीच नव्हता हो.” मी चेंबर उतरवला. ऑइल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर काळा गाळ असा बसला होता की बोटाने खरवडावा लागला. वर ऑइल काठोकाठ आणि पंप उपाशी! बिगएन्डची (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली) बेअरिंग काढून हातात घेतली तर वरचा थर जाऊन तांबं दिसत होतं. इंजिन घोटीलाच बंद करून टोइंग बोलावलं असतं, तर चेंबर आणि जाळी साफ करून बहुधा भागलं असतं. आता क्रँक ग्राइंडिंगला गेलाय.

‘रेस दिल्यावर दिवा जातो, म्हणजे सेन्सर.’ सेन्सर खराब होतात, मी दर महिन्याला बदलतो. पण ही खूण सेन्सरची नाही. पंप इंजिनवरच फिरतो; आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं सुरू असताना, तो कमी ऑइल ढकलतो, त्यात गरम ऑइल पातळ. बेअरिंग किंवा पंप झिजला असेल, तर दाब आधी तिथेच कोसळतो आणि रेस दिल्यावर वर येतो. खरं-खोटं ठरवायचा एकच मार्ग: सेन्सर काढून त्या जागी दाबाचा गेज लावायचा, इंजिन गरम करायचं आणि काटा बघायचा. बऱ्याच गाड्यांत गरम आयडलला 1 बारच्या आसपास आणि दोन हजार आरपीएमला 2 ते 4 बार मिळायला हवेत; नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. वीस मिनिटांचं काम आहे. गेज न लावता कोणी ‘सेन्सर आहे’ म्हणालं, तर गेज लावायला सांगा, त्यात संकोच नको.

जाड ऑइलबद्दल फार लिहीत नाही. 5 डब्ल्यू 30 ग्रेडचं पातळ ऑइल मागणाऱ्या इंजिनात 20 डब्ल्यू 50 हे जाड ऑइल भरलं तर आयडलचा दाब थोडा वाढेल आणि दिवा काही दिवस झाकला जाईल. झीज तिथेच. वर निफाडकडच्या थंडीत, पारा पाच-सहा अंशांवर असताना, ते ऑइल वरपर्यंत पोचेस्तोवर इंजिन कोरडं फिरणार.

राहिली वायर काढायची गोष्ट. बऱ्याच गाड्यांत दाबाच्या त्या स्विचला (ज्याला सगळे सेन्सर म्हणतात) एकच वायर असते आणि ती काढली की दिवा कायमचा विझतो. अशा गाड्या नंतर विकल्याही जातात. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा स्टार्टर मारण्याआधी नुसती चावी ऑन करा. ऑइलचा लाल दिवा तेव्हा लागलाच पाहिजे. नाही लागला, तर बयाणा देऊ नका. बॉनेट उघडायला लावा आणि त्या स्विचची वायर जागेवर आहे का ते बघा.